मामाची लाल नोट आणि जगाचा डॉलर



स्मरणिकेसाठी लेख दे म्हणून संपादक मंडळाचा तिसरा फोन आला, तेव्हा मी शाळेमागच्या चिंचेवर नाहीतर दुष्काळातल्या मिलोच्या भाकरीवर लिहीन अशी त्यांची अपेक्षा असणार. ते विषय बाकीच्यांनी आधीच वाटून घेतले आहेत. मी डॉलरवर लिहितो आहे, आणि त्याला कारण आपल्या बॅचचा व्हॉट्सॲप ग्रुप.

जून 2024 मध्ये ग्रुपवर एक संदेश फिरत आला. अमेरिका आणि सौदी अरेबिया यांच्यातला पन्नास वर्षांचा 'पेट्रोडॉलर करार' 9 जूनला संपला, सौदीने तो पुढे चालवायला नकार दिला, आता डॉलर कोसळणार, अशी ती बातमी. खाली हात जोडल्याची चित्रं. आपल्यातल्या एकाने (नाव लिहीत नाही, वाचताना त्याला कळेलच) मला थेट विचारलं, "तू बँकेत परकीय चलनाच्या खात्यात होतास ना? मुलगा न्यू जर्सीला आहे. त्याची सगळी शिल्लक डॉलरमध्ये आहे. इकडे आणायला सांगू का?" मी नातवाला शाळेत सोडायला निघालो होतो. घाईत लिहिलं, "काही होत नाही. असले फॉरवर्ड वाचत जाऊ नकोस." त्यावर दोन-चार जणांनी हसण्याची चित्रं टाकली. त्याच रात्री तो ग्रुपमधून बाहेर पडला.

माझं उत्तर चुकीचं नव्हतं, पण ते उत्तर नव्हतं, झिडकारणं होतं. आणि ज्याला झिडकारलं त्याने हाच प्रश्न आपल्या वर्गात त्रेपन्न वर्षांपूर्वी विचारलेला होता.

आठवतं का बघा. सातवीत होतो, ऑगस्ट 1971. झेंडावंदन होऊन दोन-तीन दिवस झाले असतील. मुंबईचं वर्तमानपत्र एसटीने आपल्याकडे दुसऱ्या दिवशी यायचं. इतिहासाच्या सरांनी तास सुरू होण्याआधी वर्गात बातमी वाचून दाखवली, की अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन यांनी डॉलरच्या बदल्यात सोनं देणं बंद केलं. आपल्याला त्यातलं ओ का ठो कळलं नाही. फक्त खिडकीजवळच्या बाकावरून एक हात वर झाला. "सर, मग डॉलर घेऊन गेलं तर ते काय देणार?" सर क्षणभर थांबले आणि म्हणाले, "दुसरा डॉलर." वर्ग हसला. सर हसले नाहीत.

तेव्हा ज्याने हात वर केला होता, त्याच्यासाठी हा लेख आहे. बाकीच्यांनी वाचला तर आनंदच.

आधी त्या फॉरवर्डचा निकाल लावतो. तेल फक्त डॉलरमध्येच विकायचं, पन्नास वर्षं, असा करार कधी झालेलाच नव्हता. तेव्हा तो संपण्याचा प्रश्न नाही. जून 1974 मध्ये अमेरिका आणि सौदी अरेबियाने आर्थिक सहकार्यासाठी एक संयुक्त आयोग नेमला, एवढं खरं. शिवाय सौदीने तेलाच्या पैशातून अमेरिकन सरकारचे कर्जरोखे घ्यायचे आणि अमेरिकेने लष्करी मदत द्यायची, अशी समजूतही त्या काळात झाली. ती कित्येक दशकं गुप्त होती. पण तेलाचा भाव डॉलरमध्ये लावायची रीत त्याच्याही आधीची. रीत कराराने पडलेली नसली की ती कराराने मोडतही नाही.

मग ती मोडते कशाने? इथे मला माझा मामा आठवतो.

मामा दुबईला एका व्यापाऱ्याच्या पेढीवर हिशेब लिहायचा. 1960 ते 66 चा काळ. तेव्हाची दुबई म्हणजे खाडी, होड्या आणि सोन्याची दुकानं. मामाला पगार मिळायचा रुपयात. होय, आपल्याच रुपयात! इंग्रजांच्या काळापासून कुवेत, बाहरीन, कतार, दुबई, ओमान या सगळ्या किनाऱ्यावर हिंदुस्थानचा रुपया चालत असे. त्या रुपयांनी तिथे सोनं घ्यायचं आणि चोरून आपल्या किनाऱ्यावर उतरवायचं, हा धंदा इतका वाढला की 1959 मध्ये रिझर्व्ह बँकेने आखातासाठी वेगळ्या रंगाच्या नोटा काढल्या. त्यांच्या क्रमांकाआधी झेड हे अक्षर असे. एक रुपयाची नोट लाल होती. मामाने परत येताना तसली एक नोट आठवण म्हणून ठेवली. ती आज माझ्याकडे आहे.

थोडक्यात, आपल्या रुपयालाही एके काळी हे सुख मिळालेलं आहे. दुसऱ्या देशातली माणसं आपला कागद खिशात बाळगतात, त्यावर व्यवहार करतात, आणि तो कागद त्यांच्याकडे राहतो तोवर आपल्याला त्याच्या बदल्यात काही द्यावं लागत नाही. बिनव्याजी उधारीच ती. मग 6 जून 1966 ला सरकारने रुपयाचं अवमूल्यन केलं. 4 रुपये 76 पैशांचा डॉलर साडेसात रुपयांचा झाला. कुवेत 1961 मध्येच आणि बाहरीन 1965 मध्ये बाजूला झालं होतं. उरलेल्यांपैकी बहुतेकांनी त्याच वर्षी रुपया सोडला, ओमान 1970 पर्यंत टिकलं. मामा सांगायचा, अवमूल्यनाची बातमी आली त्या संध्याकाळी पेढीवर शेटने त्याच्याकडे असं पाहिलं की जणू मामानेच खिसा कापला. "आपल्या सरकारने आपल्या घरचा निर्णय घेतला रे," तो म्हणायचा, "पण घर त्यांचंही होतं हे कुणाच्या लक्षातच आलं नाही."

आता हे निक्सनच्या घोषणेशेजारी ठेवून बघा. रुपयाने 1966 मध्ये शब्द मोडला, दुबई निघून गेली. डॉलरने 1971 मध्ये शब्द मोडला, आणि जग जागच्या जागी राहिलं. का? मी छत्तीस वर्षं परकीय चलनाच्या खात्यात काढली आणि त्यातली निदान वीस वर्षं हा प्रश्न माझ्या डोक्यात होता.

त्यासाठी डॉलरच्या आधीच्या मालकाकडे जावं लागेल, म्हणजे पौंडाकडे. ती गोष्ट आपल्याला जवळची आहे, कारण तिचा खर्च बऱ्याच अंशी आपण उचलला.

1914 पूर्वी जगाचा व्यापार लंडनच्या हुंडीवर चाले. ब्राझीलची कॉफी हँबुर्गला गेली तरी तिचे पैसे लंडनमध्ये फिरत. हिंदुस्थान कापूस, ताग, चहा, गहू विकून जगाकडून घसघशीत कमाई करत असे. पण ती कमाई सोन्याच्या रूपाने पुरेशी इकडे यायची नाही. लंडनला भारतमंत्री 'कौन्सिल बिलं' विकत. ज्याला हिंदुस्थानात माल घ्यायचा आहे त्याने तिकडे पौंड भरायचे, बिल घ्यायचं, आणि इकडे त्यावर रुपये उचलायचे. पौंड राहिले लंडनमध्ये. त्यातून 'होम चार्जेस' वळते झाले, आणि राखीव निधीचा मोठा भाग लंडनच्याच बाजारात थोड्या व्याजावर गुंतवला गेला. केन्स यांनी 1913 च्या आपल्या पहिल्या पुस्तकात या व्यवस्थेची वाखाणणी केली आहे. दहा वर्षांनी डॉ. आंबेडकरांनी रुपयाच्या प्रश्नावरचा ग्रंथ लिहून तिच्यावर कडक टीका केली. सरकारच्या मर्जीने कमीजास्त होणाऱ्या रुपयाचं मोल स्थिर राहणार नाही, असं त्यांचं म्हणणं. बँकेच्या परीक्षांच्या काळात मी दोन्ही वाचली. केन्स वाचायला सोपे, आंबेडकर पटायला सोपे.

1931 मध्ये इंग्लंडने पौंडाचं सोन्याशी असलेलं नातं तोडलं आणि रुपया पौंडालाच बांधलेला ठेवला. मंदीने शेतमालाचे भाव निम्म्यावर आलेले. सारा आणि सावकार थांबत नव्हते. खेड्यापाड्यांतल्या बायकांच्या अंगावरचं सोनं सराफाकडे गेलं, तिथून मुंबईला, तिथून बोटीने लंडनला. काही वर्षांत शेकडो कोटी रुपयांचं सोनं असं गेलं. पौंडाला त्या काळात जो आधार मिळाला त्यात हे सोनंही होतं.

आणि मग दुसरं महायुद्ध. हा भाग मी जरा सावकाश सांगतो.

इंग्रज सरकारने युद्धासाठी हिंदुस्थानातून धान्य, कापड, बूट, तंबू, सगळं उचललं. त्याचे पैसे इथे रोख दिले नाहीत. लंडनला हिंदुस्थानच्या खात्यावर पौंड जमा दाखवले, आणि त्या जमेच्या आधारावर रिझर्व्ह बँकेने इथे रुपये छापले. माल देशाबाहेर, नोटा देशात. भाव भडकणारच. 1943 च्या बंगालच्या दुष्काळाला अनेक कारणं होती, त्यात हे एक. युद्ध संपलं तेव्हा लंडनमध्ये आपले सुमारे 130 कोटी पौंड साचले होते. पिढ्यानपिढ्यांचा कर्जदार देश सावकार झाला होता, कागदावर.

जुलै 1944 मध्ये अमेरिकेत न्यू हॅम्पशायरमधल्या ब्रेटन वुड्स गावी 44 देश जमले. युद्धानंतर जगाचा पैसा कसा चालायचा हे ठरवायला. हिंदुस्थानच्या शिष्टमंडळात रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख होते. महाडजवळच्या नाते गावात जन्मलेले, 1912 च्या मॅट्रिकला मुंबई विद्यापीठात पहिले, संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळवणारे. (आपल्या बाई वर्गातल्या हुशार मुलांना 'शंकरशेट' म्हणून हाक मारायच्या, ते उगीच नव्हे.) त्यांच्याबरोबर मुंबईचे ए. डी. श्रॉफ होते. त्यांनी परिषदेत विचारलं की या लंडनमधल्या आमच्या पैशाचं काय? निदान त्यातला काही भाग डॉलरमध्ये बदलून मिळावा, नाणेनिधीने त्यात हात घालावा. श्रॉफ यांनी दृष्टान्त दिला तो असा: बँकेत दहा लाख डॉलर आहेत, पण टॅक्सीवाल्याला द्यायला खिशात सुटे पैसे नाहीत, अशी आमची अवस्था करणार का? इंग्लंडतर्फे केन्स होते. त्यांनी हिंदुस्थानचे आभार मानले, कर्जाची जाण ठेवली, आणि हा आमच्या दोघांमधला मामला आहे म्हणून विषय परिषदेच्या बाहेर ठेवला.

पुढे पैसे टप्प्याटप्प्याने सुटले. पण सप्टेंबर 1949 मध्ये इंग्लंडने पौंड 4.03 डॉलरवरून 2.80 वर आणला. एका रात्रीत आपल्या शिलकीची डॉलरमधली किंमत तीस टक्क्यांनी उतरली. कुणी आपल्याला विचारलं नाही. नंतर दुसऱ्या पंचवार्षिक योजनेची यंत्रसामग्री घेता घेता 1957-58 पर्यंत ती शिल्लक जवळपास संपली.

माझ्या मते या सगळ्या विषयाचा गाभा त्या 130 कोटी पौंडांत आहे. दुसऱ्याच्या चलनात साठवलेला पैसा आपला असतो, पण तिजोरीची किल्ली त्याच्या कमरेला असते. कधी उघडायची, किती उघडायची आणि आत असलेल्या नाण्याचं मोल काय धरायचं, हे तो ठरवतो. उलटही घडलं आहे म्हणा. रेशनवरचा लाल गहू आठवतो? पी.एल. 480 चा. अमेरिकेने तो आपल्याला रुपयात विकला. ते रुपये इथेच साचत गेले, इतके की वापरायचे कुठे हा अमेरिकेलाच प्रश्न. फेब्रुवारी 1974 मध्ये, आपण नववीत असताना, अमेरिकन राजदूत मॉयनिहान यांनी त्यातल्या मोठ्या भागावर पाणी सोडलं आणि भारत सरकारला 1,664 कोटी रुपयांचा धनादेश दिला. त्या वेळी जगातला सर्वांत मोठ्या रकमेचा धनादेश म्हणून त्याची नोंद झाली. म्हणजे महासत्तेलाही रुपयाच्या तिजोरीतून काढण्यासारखं काही सापडलं नव्हतं.

ब्रेटन वुड्समध्ये ठरलं ते हे. सगळ्यांची चलनं डॉलरला बांधायची, आणि डॉलर सोन्याला, 35 डॉलरला एक औंस. हे सोनं फक्त परदेशी सरकारांना आणि मध्यवर्ती बँकांना मागता येई, अमेरिकेच्या नागरिकाला नाही. अमेरिकेकडे तेव्हा जगातल्या सरकारी सोन्यापैकी निम्म्याहून कितीतरी अधिक सोनं होतं, म्हणून कुणाला शंका आली नाही. शंका 1960 मध्ये रॉबर्ट ट्रिफिन या अर्थतज्ज्ञाने काढली. जगाला व्यापारासाठी डॉलर हवेत, तर अमेरिकेने ते बाहेर पाठवत राहिलं पाहिजे. पण जितके बाहेर जातील तितकं त्यामागचं सोनं अपुरं पडेल. पाठवले तर पत जाते, नाही पाठवले तर व्यापार अडतो. फ्रान्सचे अर्थमंत्री जिस्कार देस्तँ यांनी या लाभाला अवाजवी विशेषाधिकार म्हटलं, आणि द गॉल यांनी 1965 मध्ये जाहीरपणे सोन्याची बाजू घेतली. फ्रान्स डॉलर देऊन सोनं नेऊ लागला. शेवटी व्हिएतनामचा खर्च, महागाई आणि आटणारं सोनं पाहून निक्सननी खिडकीच बंद केली. त्यांचे अर्थमंत्री कॉनली यांनी युरोपच्या प्रतिनिधींना सुनावलं ते आजही सांगितलं जातं: चलन आमचं आहे, डोकेदुखी तुमची.

आणि जग राहिलं. आता त्या 'का'कडे येतो.

आपल्या गावचा मंगळवारचा आठवडा बाजार आठवा. पलीकडच्या गावात जागा मोठी होती, सावली होती, विहीर होती. तिथे बाजार हलवायचा प्रयत्न दोनदा झाला. दोन्ही वेळा फसला. मासळीवाल्या आल्या नाहीत कारण गिऱ्हाईक नाही, गिऱ्हाईक आलं नाही कारण मासळी नाही. डॉलरचा बाजार असाच आहे. सगळे तिथे जातात म्हणून सगळे तिथे जातात. 1971 मध्ये दुबईसारखं निघून जायचं म्हटलं तरी जायचं कुठे, हा प्रश्न होता. जर्मनी आणि जपान यांनाच आपलं चलन जगाने साठवावं असं वाटत नव्हतं, कारण त्याने चलन महागतं आणि कारखान्यांचा माल खपत नाही. दोन वर्षांत तेलाचे भाव चौपट झाले. आपल्या घरी रॉकेलच्या रांगा लागल्या, आणि अरबांकडे डॉलरचे ढीग. ते ढीग मावतील एवढा मोठा आणि हवं तेव्हा विकता येईल असा कर्जरोख्यांचा बाजार एकच होता, न्यूयॉर्कचा.

हे मी पुस्तकातून शिकलो नाही. बँकेत माझ्या टेबलावर एका कोळंबी निर्यातदाराची कागदपत्रं येत. माल आपल्या किनाऱ्यावरचा, घेणारा जपानी. दोघांपैकी अमेरिकन कुणीच नाही. तरी बिल डॉलरचं. जपानी बँकेचे पैसे न्यूयॉर्कमधल्या एका खात्यातून निघून न्यूयॉर्कमधल्याच आमच्या बँकेच्या खात्यात जमा होत, आणि ते जमा झाल्याचा निरोप आम्ही सकाळी पाहत असू, कारण त्यांची दुपार ही आपली रात्र. कोळंबी ओसाकाला, पैसा मॅनहॅटनला. आजही जगात होणाऱ्या परकीय चलनाच्या दहा व्यवहारांपैकी जवळजवळ नवांत एका बाजूला डॉलर असतो.

यात अमेरिकेला मिळतं काय? ती परदेशी माल स्वतःच्या चलनाने घेते. तिचं कर्ज स्वतःच्या चलनात आहे, त्यामुळे डॉलर घसरला तर तोटा सावकाराचा. जग रोखे घ्यायला रांगेत उभं म्हणून व्याज कमी. कागदी डॉलरपैकी जवळपास निम्मे देशाबाहेर कुणाकुणाच्या गादीखाली आहेत, ती तर मामाच्या नोटेसारखी शुद्ध बिनव्याजी उधारी. आणि न्यूयॉर्कवरून जाणारी वाट अडवता येते. सुदान, इराण, क्युबा यांचे डॉलरचे व्यवहार केले म्हणून 2014 मध्ये एका फ्रेंच बँकेला अमेरिकेत सुमारे 890 कोटी डॉलर दंड भरावा लागला. फ्रान्सच्या कायद्याने तिने गुन्हा केला होता की नाही, हा प्रश्नच नव्हता. किंमतही मोजावी लागते अर्थात. महाग डॉलरमुळे तिथले कारखाने गेले, आणि त्या कारखान्यांतले लोक आज मतपेटीतून काय बोलतात ते आपण बघतोच.

ज्याच्याकडे हा अधिकार नाही त्याचं काय होतं, ते मी 1991 मध्ये पाहिलं. देशाची गंगाजळी जेमतेम दोन-तीन आठवड्यांच्या आयातीपुरती उरली होती. परदेशी बँका आमच्या पतपत्रांवर विश्वास ठेवेनात. आयात करायची तर मालाच्या किमतीच्या दुप्पट रक्कम रोख अनामत, असा नियम आला. एक लहान कारखानदार, पंधरा-वीस माणसं कामाला, परदेशातून येणाऱ्या एका सुट्या भागासाठी माझ्यासमोर रोज येऊन बसायचा. त्याच्याकडे रुपये होते. पत होती. डॉलर नव्हते, आणि मी ते देऊ शकत नव्हतो. शेवटी त्याने येणं थांबवलं. त्याच्या कारखान्याचं पुढे काय झालं ते विचारायचा मला धीर झाला नाही. त्याच उन्हाळ्यात स्टेट बँकेने 20 टन सोनं परदेशी विकलं, पुन्हा विकत घेण्याच्या बोलीवर, आणि जुलैमध्ये रिझर्व्ह बँकेचं सुमारे 47 टन सोनं मुंबईहून विमानाने लंडनला तारण म्हणून गेलं. हाती आले ते सुमारे 40 कोटी डॉलर. अमेरिकेला असा दिवस पाहावा लागत नाही. तिला डॉलर कमी पडले तर ती छापते. विशेषाधिकार म्हणजे काय, याची मला तरी यापेक्षा सोपी व्याख्या येत नाही.

आता पुढे काय? मित्रा, इथून तुझा प्रश्न.

डॉलरचा वाटा घटतो आहे हे खरं. जगातल्या मध्यवर्ती बँकांच्या गंगाजळीत 2000 च्या सुमारास तो 71 टक्के होता, 2024 मध्ये 58 च्या आसपास आला. पण सुटलेली जागा कुण्या एकाने घेतलेली नाही. युरो वीस टक्क्यांवर घोटाळतो आहे, कारण चलन एक असलं तरी कर्जरोखे वेगवेगळ्या सरकारांचे. चीनचा युआन दोन-एक टक्के, कारण चीन पैसा आत घेतो तितक्या सहज बाहेर सोडत नाही, आणि बाहेर पडायचं दार दिसत नसेल तर शहाणा माणूस आत शिरत नाही.

खरी उलथापालथ फेब्रुवारी 2022 मध्ये झाली. युक्रेनवर हल्ला होताच रशियाच्या मध्यवर्ती बँकेची सुमारे 300 अब्ज डॉलरची परदेशी शिल्लक गोठवली गेली. ते योग्य होतं की नाही यावर आपल्यात भांडण होईल, ते मेळाव्यात करू. पण त्या दिवशी जगातल्या प्रत्येक मध्यवर्ती बँकेला तिजोरीची किल्ली दिसली. त्यानंतर सलग तीन वर्षं त्या सगळ्या मिळून दरवर्षी हजार टनांहून अधिक सोनं घेत आल्या. आपल्या रिझर्व्ह बँकेने 2023-24 मध्ये इंग्लंडमध्ये ठेवलेलं 100 टन सोनं देशात आणलं. 1991 चं ते विमान ज्यांनी पाहिलं त्यांना ही बातमी वाचून काय वाटलं असेल! मी तर पेपर घडी करून ठेवला.

मग रुपया पुढे येईल का? 2022 पासून परदेशाशी व्यापार रुपयात करायची मुभा आहे. रशियाने आपल्याला तेल विकलं, त्यातले काही पैसे रुपयात घेतले. मे 2023 मध्ये गोव्याला झालेल्या परिषदेत त्यांचे परराष्ट्रमंत्री लावरोव्ह म्हणाले की भारतीय बँकांत आमचे अब्जावधी रुपये पडून आहेत आणि ते वापरायचे कसे हा प्रश्न आहे. ते वाचताना मला श्रॉफ यांची टॅक्सी आठवली. ऐंशी वर्षांत आपण टॅक्सीतल्या प्रवाशाच्या जागेवरून बँकेच्या जागेवर आलो, पण सुटे पैसे अजून कुणाकडेच नाहीत. रुपया जगाने साठवावा असं वाटत असेल तर त्याला आपल्याकडून घेण्याजोगं पुष्कळ असलं पाहिजे, आणि पैसे हवे तेव्हा बाहेर नेता आले पाहिजेत. दुसरी गोष्ट द्यायला आपण अजून तयार नाही, आणि 1991 पाहिलेला माणूस म्हणून मी त्याला दोष देणार नाही.

डॉलरला धोका बाहेरच्यांपेक्षा घरातून जास्त आहे, असं माझं मत. अमेरिकन सरकारचं कर्ज 2024 च्या अखेरीस 36 लाख कोटी डॉलरवर गेलं होतं. एप्रिल 2025 मध्ये आयातशुल्काच्या घोषणा झाल्या तेव्हा एक विचित्र गोष्ट घडली. एरवी जगात घबराट झाली की लोक डॉलरकडे आणि अमेरिकन रोख्यांकडे धावतात. या वेळी काही दिवस दोन्ही एकदमच उतरले. मे महिन्यात तिसऱ्या पतमापन संस्थेनेही अमेरिकेची सर्वोच्च श्रेणी काढून घेतली. मामाच्या शेटची ती नजर मला यात दिसते. पण पेढी बंद झालेली नाही. पौंडाला उतरायला 1914 पासून साठ वर्षं लागली, दोन महायुद्धं आणि सुएझ लागलं, आणि शिवाय जागा घ्यायला डॉलर तयार उभा होता. आज तसं कुणी उभं नाही. म्हणून डॉलर एका सकाळी कोसळेल असं मला वाटत नाही. तो विरत जाईल, आपल्या नातवंडांच्या डोळ्यांसमोर.

तर मुलाच्या शिलकीचं. त्याला तिकडेच राहायचं असेल, घर तिकडे, पोरं तिकडच्या शाळेत, तर त्याचा खर्च डॉलरमध्ये आहे. भीतीपोटी इकडे आणू नको म्हणावं. तुमच्या दोघांच्या औषधपाण्यासाठी आणि घराच्या कौलांसाठी लागेल तेवढं जरूर आणा, कारण तो खर्च रुपयात आहे. साडेसाताचा डॉलर आपल्या डोळ्यांदेखत पंच्याऐंशीच्या वर गेला, हे विसरू नको. आणि तोच डॉलर 35 ला औंसभर सोनं देत होता, आता औंसाला तीन हजारांहून जास्त मोजावे लागतात, हेही. कागद सगळेच झिजतात, आपला जास्त वेगाने झिजला इतकंच. हे मी त्या दिवशी चार ओळींत लिहू शकलो असतो. नातवाची शाळा पाच मिनिटं थांबली असती.

ही स्मरणिका तुझ्या हातात पडेल तेव्हा आपण सगळे शाळेच्या पटांगणात असू. सर येणार आहेत, नव्वदीत आहेत, त्यांना आणायला गाडी पाठवली आहे. मामाची लाल नोट पाकिटात घालून आणली आहे. ती आधी तुला दाखवीन, मग सरांना. खिडकीजवळच्या बाकावर जागा धरून ठेव.